शर्यतीचा गट दातावर, दर्जा निकालावर!

सुगी उरकली, यात्रा जवळ आली, की पारावर एकच विषय निघतो : औंदा शर्यत घ्यायची का? मे २०१४ मध्ये बंद झालेल्या बैलगाडी शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला. मैदाने पुन्हा भरू लागली. पण मैदान भरले म्हणजे शर्यत न्यायाची झाली, असे नव्हे.

एका गावच्या मैदानावरची गोष्ट सांगतो. दीड एकरवाल्या एका शेतकऱ्याने घरच्या खिलार गाईचा खोंड पहिल्यांदाच गाडीला जुंपला होता. चिठ्ठी निघाली ती नेमकी कैक फायनल मारलेल्या, लाखांत खरेदी केलेल्या जोडीच्या गटात. झेंडा पडला तेव्हाच निकाल लागला. तो म्हणाला, "साहेब, हरल्याचं काय नाय. पर आमची आन् त्यांची बरोबरीच नव्हती." पुढच्या यात्रेला तो आला नाही. खोंडही विकला. असे पाच-दहा जण मागे हटले, तर घरची खिलार पैदास कोण सांभाळणार?

दात वय सांगतो, कसब नाही

आपल्याकडे गट पाडतात ते दातावर. दुधाचे दात असलेला तो आदत. दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, पुढे सहादाती आणि आठ दात झाले की जुळलेला. पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत, दुसरी तीन ते साडेतीनच्या सुमारास येते. जात आणि खुराक यांनुसार थोडे मागेपुढे होते.

ही पद्धत चांगलीच आहे. कोवळ्या खोंडाला जुळलेल्या बैलासमोर उभे करावे लागत नाही. पण दोन चौसे घ्या. एक वर्षभर मैदान मारणारा, दुसरा कालपर्यंत औताला असणारा. दात सारखे, पळ सारखा कसा असेल? शिवाय गाडीवानाचा हात वेगळाच.

पुणे जिल्ह्यातील घाटांवर याला जुने उत्तर आहे. तिथे गाडा एकटा पळतो आणि घड्याळ लावतात. ठरलेल्या सेकंदांच्या आत आला तो पहिल्या नंबरात, त्यापुढचा दुसऱ्या, मग तिसऱ्या. म्हणजे दर्जा पळावर ठरतो, मालकाच्या नावावर नाही. चाकोरीतून शर्यत घेणाऱ्या आपल्या गावांनीही यातून शिकावे.

यात्रा कमिटीने काय करावे?

१) दात आधी, चिठ्ठ्या नंतर. पशुवैद्यकीय अधिकारी आरोग्य तपासतील तेव्हाच दात पाहून घ्यावेत. अर्धवट दातावरून हमखास भांडण होते. दात हिरडीबाहेर दिसला की धरायचा, हे आधीच जाहीर करावे. वहीत नोंद करून मालकाची सही घ्यावी.

२) नवखे आणि मुरलेले वेगळे. ज्या बैलाने आजवर फायनल गाठलेली नाही, तो नवख्या गटात. जोडीतला एक जरी मुरलेला असला तरी जोडी वरच्या गटात धरावी. गाडीवानालाही हाच नियम लावावा.

३) जिंकला की वर चढला. नवख्या गटात पहिला आलेला पुढच्या वेळी मुरलेल्यात पळेल. कोणी मुद्दाम खालच्या गटात नाव घालतो. म्हणून गटफेरीला घड्याळ लावावे. ठरवलेल्या सेकंदांपेक्षा लवकर आलेली गाडी बाद न करता सेमीआधीच वर न्यावी. सेकंद मात्र पहिला झेंडा पडण्याआधी जाहीर करावेत. मागाहून ठरवले तर संशय येणारच.

४) चाकोरीचीही चिठ्ठी. सगळ्या चाकोऱ्या सारख्या नसतात. कुठे माती भुसभुशीत, कुठे चढ. चिठ्ठ्या सर्वांसमोर, लहान मुलाच्या हाताने काढाव्यात. ज्याची गाडी मैदानात आहे, त्याच्या भावकीतला माणूस पंच नको.

५) बक्षीस विभागून. सगळी रक्कम एकाच ढालीवर लावू नये. नवख्यांना बक्षीस असावे, पण वरच्या गटापेक्षा कमी. नाहीतर मुरलेला खाली उतरायला बघतो.

नियम मोडू नका

जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, ५० हजारांची अनामत आणि बैलांची वैद्यकीय तपासणी याशिवाय मैदान भरवू नये. धाव १००० मीटरपेक्षा जास्त नको. काठी, चाबूक, विजेचा धक्का हे सक्त मना आहे. बैलाला क्रूरतेने वागवल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गट, सेमी, फायनल या तीन फेऱ्यांपलीकडे बैल पळवू नये. मधे विसावा आणि पाणी द्यावेच.

आणखी एक. बरोबरीची लढत असली की काठी उगारायचा मोह कमी होतो. जिंकण्याची आशाच नाही, तोच चिडून बैलावर राग काढतो.

सरपंच, पोलीस पाटील आणि कमिटीने यात्रेआधी महिनाभर एकत्र बसून हे नियम लिहून काढावेत व चावडीवर लावावेत. मग घरचा खोंड घेऊन येणारा माणूस हरला तरी पुढच्या साली परत येईल. यात्रेची खरी शोभा तीच.