विद्यार्थ्याची वही आणि फवारणीचा पंप

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वहीवर एका कामगार संघटकाने बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अधिक झाले. परंतु त्या वहीतील एका पानाशी यवतमाळच्या शेतमजुराचा जीव बांधलेला आहे. तेवढ्या पानापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

ज्ञानतंतूचे टोक स्नायूला किंवा ग्रंथीला चिकटलेले नसते; मध्ये सूक्ष्म फट असते. निरोप आला की टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, फट ओलांडते, आणि स्नायू आकसतो किंवा ग्रंथी पाझरते. ज्ञानतंतूचा निरोप रसायन पोहोचवते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविले. निरोप पोहोचताच कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम ते रसायन तोडून टाकते. गिरणीचा भोंगा वाजावा आणि लगेच थांबावा, तशी ही व्यवस्था.

ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके भोंगा थांबविणाऱ्याचेच हात बांधतात. मग लाळ, अश्रू, घाम थांबत नाहीत. उलट्या, जुलाब होतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. स्नायू फडफडतात आणि थकतात. छातीत पाणी भरल्यासारखे होऊन श्वास कोंडतो. विद्यार्थी ही यादी परीक्षेसाठी घोकतो. मजूर ती अंगावर भोगतो.

विष पोटातूनच जाते असे नव्हे. ते कातडीतूनही जाते. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. पराटी डोक्याइतकी वाढलेली. फवारा वर धरला की तुषार तोंडावर आणि घामाने भिजलेल्या सदऱ्यावर. त्यातच दोन-तीन द्रव्ये एकत्र कालवण्याची रीत. आमच्याकडे या विषाला ‘औषध’ म्हणतात. औषधाला कोण भितो?

उपायही त्याच पानावर आहे. ॲट्रोपिन पाझर आटवते, पण थकलेल्या स्नायूंना बळ देत नाही. प्रॅलिडॉक्साइम वेळेवर मिळाले तर एन्झाइम सोडवू शकते. उशीर झाल्यास बंध पक्का होतो. श्वास थांबू लागल्यास यंत्राने द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक कीटकनाशक या जातीचे नसते आणि प्रत्येकावर उतारा नाही. म्हणून मळमळ सुरू होताच शेत सोडावे, कपडे उतरवावे, अंग साबणाने धुवावे, आणि घरगुती उपाय करीत न बसता डब्यासह रुग्णालय गाठावे. डब्यावरचे नाव डॉक्टरांना वाट दाखविते.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडे आमचे एकच मागणे आहे. हे एक पान सोप्या मराठीत उतरवून द्या. फवारणीचा हंगाम लागण्यापूर्वी ते गावोगावच्या चावडीवर वाचून दाखविण्याचे काम आमचे.