बातमीदाराच्या टेबलावरील नवे यंत्र

वृत्तपत्राच्या कचेरीत आजवर तार आली, टेलिप्रिंटर आला, संगणक आला. या यंत्रांनी बातमी वाहून आणली. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले, आणि बातमीची वाक्येही जुळवून देणारे यंत्र साध्या वार्ताहराच्या हाती आले.

ते करते काय? अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो याचा अदमास ते शिकलेले असते. खरे-खोटे पारखणे हे त्याचे मूळ काम नव्हे. ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे तेथे अदमास बहुधा साधतो. पण डोळखांब-किन्हवलीकडच्या पाड्यांविषयी छापले गेले ते किती? तेथे यंत्र अनेकदा गप्प बसत नाही. रिकामी जागा भरून काढते, आणि तीही मोठ्या सफाईने!

उन्हाळ्यातली एक ग्रामसभा घ्या. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यात पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. दोन तासांचे ध्वनिमुद्रण यंत्र काही मिनिटांत उतरवून देते. हा उपकार लहान नव्हे. कसाऱ्याच्या गाडीत उभ्याने टिपणे काढणाऱ्याला विचारा. पण एखाद्या म्हातारीने आपल्या बोलीत सांगितलेले ‘सतरा पाडे’ कागदावर ‘सत्तर’ होऊन उतरले तर? उद्या कचेरीतून उत्तर येईल की आकडाच खोटा आहे. आणि त्या आकड्याबरोबर सतरा पाड्यांची खरी तहानही खोटी ठरेल.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेतील सीनेट या वृत्तसंस्थळाने यंत्राकडून लिहवलेल्या ७७ लेखांपैकी ४१ लेखांत २०२३ साली दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात दहा हजार डॉलरांवर दर शेकडा तीनप्रमाणे वर्षाची कमाई १०,३०० डॉलर सांगितली होती. आपल्या बाजारपेठेतला कोणताही दुकानदार ती ३०० आहे हे बसल्या जागी सांगेल. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने आपल्या बातमीदारांना नियम घालून दिला, की यंत्राने दिलेला मजकूर न पडताळलेली माहिती समजावा.

तेव्हा मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, आकडे आणि नावे कानांनी पुन्हा ऐकावीत, शंका आली तर पाड्यावर फोन करावा. आपल्याच गावाला कोणी वाशिंद लिहितो, कोणी वासिंद; यंत्राने त्यांची दोन गावे केली तर नवल नाही. आणि नाव न छापण्याच्या अटीवर कोणी काही सांगितले असेल, तर त्याचा आवाज परक्या कंपनीच्या यंत्रात घालूच नये. ते टिपण वहीतच राहू द्यावे.