मुक्या रेडिओला नवी वाचा

घरांतील जुना रेडिओ मुका झाला, तरी त्याचा स्पीकर पुष्कळदां शाबूत असतो. तो कायम चुंबकाचा असल्यास ‘क्लास डी’ जातीचा स्वस्त ध्वनिवर्धक त्या पेटीला पुन्हां बोलती करूं शकतो. त्यांतील ट्रान्झिस्टर दिव्याच्या बटणाप्रमाणें एक तर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद. म्हणून वीज उष्णतेंत फारशी वाया जात नाहीं. सेकंदाला लाखों वेळां होणाऱ्या या उघडझापीचें प्रमाण ध्वनीप्रमाणें बदलतें, व तिच्या सरासरींतून गाणें उमटतें.

‘पीएएम ८४०३’ या चिपची छोटी पट्टी ५ व्होल्टांवर चालते आणि ४ ओहमांच्या स्पीकरला सुमारें ३ वॉट देते. मात्र त्या टोकाला आवाज फाटतो. पुरवठ्याच्या तारांवर, चिपजवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धन-ऋण पाहून जोडावा, म्हणजे तबल्याच्या थापेसरशीं दाब खचत नाहीं.

एक चूक मात्र घातक ठरते. या चिपकडून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारांत ध्वनीचा प्रवाह असतो. जुन्या संचांत स्पीकरची एक तार पुष्कळदां सांगाड्याला जोडलेली असते. तो सांगाडा पुरवठ्याच्या ऋण तारेशीं जुळला, तर चिप जळण्याचा धोका संभवतो. म्हणून आधीं स्पीकर जुन्या जोडण्यांतून सोडवावा, आणि संचाची घरच्या विजेची दोरी कायमची काढून टाकावी.