आजी-आजोबा आणि दूरदेशीची नातवंडे

शिक्षण, नोकरी किंवा विवाह यांमुळे मुले परदेशी स्थायिक झाल्यावर त्यांची अपत्ये आजी-आजोबांच्या नित्य सहवासाला अंतरतात. अशा दुराव्यात दोन पिढ्यांमधील नाते कसे घडते व कसे टिकते, हा कुटुंबजीवनाच्या अभ्यासाचा एक विषय आहे. 'नातू' हा शब्द संस्कृत 'नप्तृ' या शब्दापासून आला आहे, आणि मराठीत नातवंडाला 'दुधावरची साय' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील आजी-आजोबा आणि अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथे वाढणारी त्यांची नातवंडे यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

कुटुंबाची ताटातूट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कोकणातील चाकरमानी बहुधा एकटाच शहरात राही आणि त्याची मुले गावी आजीच्या देखरेखीखाली वाढत. म्हणजे त्या काळी दुरावा बापाशी असे, आजीशी नव्हे. अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतरविषयक कायदा बदलल्यानंतर तेथे जाणाऱ्या भारतीय डॉक्टर व अभियंत्यांची संख्या वाढली, आणि मुलगा, सून व नातवंडे एकदमच सातासमुद्रापार गेली. हवाईपत्राचे उत्तर यायला काही आठवडे लागत, परदेशी दूरध्वनी इतका महाग होता की "कसे आहात?" आणि "बरे आहोत" एवढ्यातच तो संपे. स्काइप २००३ मध्ये सुरू झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉलची सोय २०१६ मध्ये आली आणि खर्चाचा प्रश्न जवळजवळ मिटला. भाषेचा, वेळेचा आणि सवयीचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटला नाही.

बाळंतपण आणि पहिली दोन वर्षे

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची मराठी रीत परदेशात उलटी झाली आहे. लेक माहेरी येत नाही. तिची आईच डिंक, अळीव, बाळंतविडा आणि जुन्या लुगड्याची दुपटी घेऊन लेकीकडे जाते. अमेरिकेत पर्यटक म्हणून प्रवेश घेणाऱ्यास सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहता येते. प्रसूतीच्या आधी महिनाभर गेलेली आजी परतते, तेव्हा बाळ जेमतेम पाच महिन्यांचे असते. ते नुकते ओळखीचे हसू लागलेले असते. पुष्कळदा आजीच्या जागी दुसरी आजी येते आणि घराची सोय होते. परतलेल्या आजीच्या मनातली पोकळी मात्र कोणाच्या हिशेबात नसते.

साधारण आठव्या महिन्यापासून मुले अनोळखी माणसाला बुजू लागतात. वर्षभराने पुन्हा भेटायला आलेल्या आजी-आजोबांना पाहून नातवाने भोकाड पसरणे हे विकासाचे निरोगी लक्षण असून त्यात दुरावा किंवा उपेक्षा नसते. अशा वेळी मूल ओढून मांडीवर घेण्याऐवजी जवळच बसून वाटी-चमचा किंवा किल्ल्यांचा जुडगा हाताळत राहिले, तर ते काही वेळाने आपण होऊन जवळ सरकते. पहिल्या दिवशी थोडा धीर धरला, की पुढचे दिवस सोपे जातात.

या वयात पडदा कितपत योग्य, अशी शंका पालकांना येते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स' या संस्थेने २०१६ साली दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला, मात्र त्यातून व्हिडिओ कॉल वगळला. २०१४ साली 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरील माणसाकडून नवी क्रियापदे शिकली. आधी चित्रित करून ठेवलेल्या चित्रफितीवरून शिकली नाहीत. फरक प्रतिसादाचा होता. मुलाने काही केले की पलीकडच्या माणसाने त्याला तत्काळ दाद देणे महत्त्वाचे ठरले. म्हणून गाणी ध्वनिमुद्रित करून पाठवणाऱ्या आजीपेक्षा समोर बसून मुलाच्या टाळीला टाळी देणारी आजी त्याच्या अधिक लक्षात राहते.

वेळेचे गणित

भारतात घड्याळ वर्षभर एकच असते. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. त्यामुळे न्यूयॉर्कमधील रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. नातवाची निजायची वेळ आणि आजोबांच्या पहिल्या चहाची वेळ जुळते, ही यातली सुखद गोष्ट. रोज एक गोष्ट सांगण्याचा नेम येथे सहज बसतो. कॅलिफोर्नियात त्याच वेळी, म्हणजे रात्री आठला, भारतात सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ झालेले असतात. ब्रिटनबाबत मात्र हे जमत नाही. लंडनमध्ये मुले झोपायला जातात तेव्हा भारतात मध्यरात्र उलटत असते. तेथे शाळा सुटल्यानंतरची, दुपारी चारची वेळ बरी. त्या वेळी भारतात ऋतुमानानुसार रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ होतात. सिडनीतील संध्याकाळचे सात हे इथल्या वामकुक्षीवर येतात, त्याला इलाज नाही.

रविवारी तासभर चालणाऱ्या एका कॉलपेक्षा आठवड्यातून तीनदा दहा मिनिटे बोलणे लहान मुलांना मानवते. तासाच्या कॉलमध्ये बहुधा मोठी माणसेच बोलतात आणि मुलाला मधूनच हाक मारून "आजीला नमस्कार कर" असे सांगितले जाते. आजी उकडीचे मोदक वळत असताना तिकडे नातीने मळलेल्या कणकेच्या वेड्यावाकड्या कळ्या पाडणे किंवा एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन दोघांनी एकदम पाने उलटणे, असे काही हाताला काम असले म्हणजे बोलणे आपोआप निघते. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मुले कॉल टाळू लागतात. तेव्हा एखादा छोटा संदेश, बुद्धिबळाची एक चाल किंवा जुन्या घराचे एखादे छायाचित्र पाठवून उत्तराची वाट पाहणे पुरते.

भाषा

या नात्याचा खरा कस भाषेत लागतो. भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी 'रिव्हर्सिंग लँग्वेज शिफ्ट' (१९९१) या ग्रंथात, घरातून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे भाषा जाणे हाच तिच्या टिकण्याचा गाभा असल्याचे प्रतिपादन केले. परदेशी वाढणाऱ्या अनेक मुलांना मराठी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देतात. अशा वेळी आजी-आजोबांनी हट्टाने इंग्रजीकडे वळू नये आणि हट्टाने मराठीची परीक्षाही घेऊ नये. "याला मराठीत काय म्हणतात, सांग पाहू" हा प्रश्न वर्गात शोभतो. प्रेमाच्या गप्पांत तो आला की मूल पुढच्या वेळी फोनवर येत नाही.

मराठीतील तीन लिंगे मोठ्यांनाही चकवतात, मग "ती पुस्तक" म्हणणाऱ्या मुलाला हसण्याचे कारण नाही. "हो, ते पुस्तक मलाही आवडते," असे उत्तरातच शुद्ध रूप द्यावे. 'ळ'चा उच्चारही तसाच, ऐकून ऐकून येतो. इंग्रजीत सर्वांना एकच संबोधन असल्याने ही मुले आजोबांनाही "तू" म्हणतात. काही घरांत यावरून मने दुखावतात. वस्तुतः मराठीत आजीला "अगं आजी, तू" म्हणणे सर्रास चालते, तेव्हा आजोबांनीही काही काळ ते चालवून घेण्यास हरकत नसावी.

उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. तेथील अनेक शहरांत आठवड्याच्या सुट्टीत मराठी शाळा भरतात. त्या शाळेत शिकलेले शब्द वापरायला कोणीतरी हवे असते, आणि ते बहुतेकदा आजी-आजोबाच असतात. बालभारतीचे 'किशोर' हे मासिक १९७१ पासून निघते. देवनागरी वाचू लागलेल्या नातवंडासोबत त्यातील एखादे पान वाचणे सोयीचे पडते.

भेटी

अमेरिकेतील शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट असते. म्हणून तिकडची नातवंडे ऐन पावसाळ्यात येतात. हापूस संपलेला असतो आणि गणपती बहुधा त्यांच्या परतीनंतर बसतात. आटवलेला आमरस जपून ठेवणारी घरे यामुळेच आढळतात. पंधरा दिवसांत सर्व नातलगांची घरे दाखवण्याचा आग्रह टाळून काही दिवस मुलांना त्याच अंगणात, त्याच शेजाऱ्यांच्या मुलांत राहू दिले, तर पुढील वर्षभर बोलायला विषय मिळतो. कॅनडाने २०११ साली आई-वडील व आजी-आजोबांसाठी 'सुपर व्हिसा' सुरू केला. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते.

मधली पिढी आणि कायदा

फोन कोण लावून देते, यावर लहान वयात सर्व काही अवलंबून असते. सुनेच्या किंवा जावयाच्या स्वयंपाकावर, कपड्यांवर वा शिस्तीवर नातवंडांदेखत टीका झाली, की कॉलची संख्या घटते. आई-वडील विभक्त झाल्यास प्रश्न अधिक गंभीर होतो. फ्रान्सच्या नागरी संहितेतील कलम ३७१-४ मुलाचा आजी-आजोबांशी संबंध ठेवण्याचा हक्क मान्य करते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल (२०००) या खटल्यात आई-वडिलांच्या निर्णयाला झुकते माप दिले.

श्रवण

वाढत्या वयात प्रथम उच्च स्वरांचे ऐकणे मंदावते, आणि लहान मुलांचा आवाज नेमका त्याच पट्टीतला असतो. ऐकू न आल्याने आजोबा नुसते "बरं, बरं" म्हणत राहतात किंवा फोन आजीच्या हाती देतात. नातवाला मात्र आजोबांना आपल्याशी बोलायचे नाही असे वाटते. ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नाही. श्रवणचाचणी, आवश्यक असल्यास श्रवणयंत्र आणि मुलाचे ओठ दिसतील असा उजेडातील कॅमेरा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मुलालाही "आजोबांना सावकाश आणि समोर बघून सांग" असे एकदा समजावले, की चार-पाच वर्षांचे मूलही ते पाळते.