‘बोलणे’ हिंदीतून आलेले नाही

पुणे–दौंड लोहमार्गावरच्या खुटबावात कुणी ‘त्यो म्हनला’ असं म्हटलं, की शहरातले नातेवाईक त्याला अशुद्ध ठरवतात. मुंबईचा भाचा ‘मी बोललो, येतो’ म्हणाला, की घरचे म्हणतात, हे हिंदी झालं. दोन्ही निकाल घाईचे आहेत.

‘बोलणे’ हिंदीतून घेतलेलं नाही. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी गुजरातेत प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृत ‘कथ्’ऐवजी प्राकृतात चालणारे दहा धातू त्यांनी एका सूत्रात दिले आहेत. त्यांत ‘बोल्ल’ आहे, आणि त्याला लागूनच ‘संघ’ आहे. आपलं ‘सांगणे’ अभ्यासक या ‘संघ’शी जोडतात. 1290च्या ज्ञानेश्वरीत बोलणे आणि सांगणे ही दोन्ही क्रियापदं रुळलेली दिसतात.

मग भाच्याचं वाक्य कानाला का खटकतं? शब्द आपलाच आहे, पण त्याची जागा बदलली आहे. कुणाचे शब्द जसेच्या तसे सांगायचे, तर मराठीत ‘म्हणणे’ लागतं. ‘आई मला बोलली’ याचा आपल्याकडचा सरळ अर्थ आई रागावली. ‘बोलणी खाणे’ त्यातूनच आलं. हा जागाबदल मुंबईच्या बोलचालीच्या हिंदीचा. प्रमाण हिंदीतही अशा ठिकाणी ‘कहा’च येतं.

‘म्हणणे’चं मूळ संस्कृत ‘भण्’, प्राकृत ‘भणइ’. कवितेत कवीचं नाव गुंफलेल्या ओळीला बंगालीत ‘भणिता’ म्हणतात. आपल्या अभंगातलं ‘तुका म्हणे’ त्याच धातूचं. लीळाचरित्रातल्या ‘म्हणीतलें’पासून आजचं ‘म्हटलं’ झालं.

राहिलं ‘म्हनला’. त्यातला ‘न’ हा बोलीचा उच्चार. पण ‘म्हणला’ हे रूप बोलला, चालला, हसला यांच्याच नियमाने बनतं. उलट प्रमाण मराठीतलं ‘म्हणाला’ हे निघाला, उडाला अशा थोड्या क्रियापदांच्या गटातलं आहे.

शब्दांचे असे बदल इंग्रजीतही दिसतात. शाळेतल्या इंग्रजी शब्दांच्या तक्त्यावर ‘टेल म्हणजे सांगणे’ एवढंच लिहिलेलं असतं. तेही अपुरं आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा ‘मोजणे’ हाही अर्थ होता. बँकेतल्या ‘टेलर’मध्ये तो टिकून आहे. ‘स्पीक’मध्ये तर एके काळी ‘र’ होता. जर्मन ‘श्प्रेखन’मध्ये तो आजही ऐकू येतो.

शिक्षकांनी ‘म्हनला’खाली लाल रेघ जरूर मारावी, कारण परीक्षेत प्रमाण रूपच लागतं. पण गावाकडचं हे रूपही नियमानेच बनलं आहे, हे त्याच वेळी मुलाला सांगावं.