मासा पाणी पीत नाही, तळं मात्र पितं

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसहून पालमकडे निघालं की धानोरा काळेजवळ गोदावरी लागते. इथली माणसं तिला गंगाच म्हणतात. याच पट्ट्यात दिग्रसचा उच्च पातळी बंधारा आहे. दारं बंद झाली की मागे दूरवर पाणी तुंबतं. ते पाहून मोटार टाकावी, तळं भरावं, रोहू-कटला सोडावेत असं काठच्या शेतकऱ्याला वाटणं साहजिक आहे. पण या बेताभोवतीच्या काही समजुती तपासायलाच हव्यात.

सगळ्यांत पक्की समजूत अशी, की मासे पाणी संपवत नाहीत, म्हणून मत्स्यपालनात पाणी खर्च होत नाही. एक हेक्टरचं, दीड मीटर खोलीचं तळं एकदा भरायला दीड कोटी लिटर पाणी लागतं. पुढे ऊन तापतं. दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी एवढ्या तळ्यातून रोज ८०,००० लिटर पाणी उडतं, म्हणजे महिन्याला २४ लाख लिटर. पाझर वेगळा. काळी माती पाझर कमी करते, उन्हापुढे तिचं काही चालत नाही. ही तूट भरायला मोटार सुरू होते, ती नेमकी नदी आटत असताना.

म्हणून पाणी किती उचललं याइतकंच ते कधी उचललं हे महत्त्वाचं. भाद्रपदातल्या पुरातून घेतलेलं पाणी नदीला जाणवत नाही. मेमध्ये तेवढंच उचललं तर एखादा डोह संपतो. मरळ, वाम, शिंगाळा हे मासे अशाच डोहांत उन्हाळा काढतात. डोह उथळ झाला की पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे वर तोंड काढू लागतात. नदीवर जाळं टाकून जगणाऱ्या भोई कुटुंबांचं हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

बंधारा भरलेला दिसला म्हणजे पाणी शिल्लक आहे, असंही नाही. त्यावर गावांच्या नळांचा आणि पिकांचा हक्क आधीच लागलेला असतो. दिग्रसचं पाणी खाली नांदेडच्या विष्णुपुरीत सोडण्यावरून तर वाद झडत आले आहेत. शेत काठाला लागून असलं तरी नदी मालकीची होत नाही. अधिसूचित नदीतून पाणी उचलायला महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ नुसार परवानगी लागते.

तळ्यातलं पाणी पुन्हा नदीत सोडलं की फिटंफाट, हाही गैरसमजच. खाद्यातल्या नत्राचा लहान हिस्साच माशाच्या अंगी लागतो. उरलेलं पाण्यात आणि गाळात जातं. हे पाणी पिकाला उत्तम, नदीला घातक. याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रातल्या कोल्लेरू सरोवरात, माशांच्या तळ्यांचे बांध इतके वाढले की पुराचं पाणी अडून भोवतालची शेती बुडू लागली. १९९९ मध्ये अभयारण्य जाहीर झालेल्या त्या सरोवरातली तळी अखेर २००६ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार फोडावी लागली.

तळं फुटून मासे नदीत गेले तर नदी समृद्ध होते, असंही सांगितलं जातं. उजनी धरणात चिलापी माशानं केलेला शिरकाव पाहिला तर ते पटत नाही. आफ्रिकन मागूर दुसऱ्या माशांना फस्त करतो, म्हणून केंद्र सरकारनं २००० मध्येच त्याच्या पालनावर बंदी घातली. तरीही तो चोरून पाळला जातो.

मात्र मत्स्यपालन म्हणजे पाण्याची नासाडी, हे उलट टोकही चूकच. जिंतूर तालुक्यातल्या येलदरीसारख्या जलाशयात बीज सोडलं तर त्यासाठी वेगळं पाणी लागत नाही. शेततळ्यातही हे जमतं. पावसानं तळं भरल्यावर मोठी बोटुकली सोडायची, उन्हाळा तापण्याआधी मासे विकायचे आणि तेच खतावलेलं पाणी उन्हाळी भुईमुगाला द्यायचं. त्या महिन्यांत नदीवरची मोटार बंद ठेवता येते.