पाठीशी उभा गडी

संगणकावर संघ पाडून खेळायच्या लढाईच्या खेळात बहुतेकांना बंदूक घेऊन पुढे धावायचे असते. जखमी गड्यांना बरे करणाऱ्या वैद्याचे काम सहसा कोणी आपणहून मागत नाही. त्याच्या नावावर बाद केलेले गडी फारसे जमत नाहीत. मग संघाला त्याचा उपयोग तरी किती? विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर साध्या भागाकाराने काढता येते.

उदाहरणासाठी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा, २००७ साली निघालेला 'टीम फोर्ट्रेस २' हा खेळ घेऊ. यात नऊ प्रकारचे गडी असतात. प्रत्येकाला जिवाचे ठरावीक गुण मिळतात. ते संपले की तो बाद. सर्वांत दणकट 'हेवी'ला ३०० गुण, तर 'मेडिक' म्हणजे वैद्याला १५०. मेडिकच्या यंत्रातून निघणारा झोत लढत्या गड्याला दर सेकंदाला २४ गुण परत देतो.

समजा, एक शत्रू हेवीचे दर सेकंदाला ३० गुण कमी करतो आहे. एकटा हेवी ३०० ÷ ३० = १० सेकंद टिकेल. आता त्याच्या पाठीशी मेडिक उभा करा. टाकीला खाली भोक आहे, पण वरून नळ सुरू झाला! ३० गुण जातात, २४ येतात. निव्वळ घट ६. म्हणजे हेवी ३०० ÷ ६ = ५० सेकंद टिकतो. पाचपट! या जादा ४० सेकंदांत हेवीने जे शत्रू बाद केले, त्यांत मेडिकचा वाटा नाही का? म्हणूनच या खेळात अशा वेळी मेडिकच्या नावावरही साहाय्याची नोंद होते.

शत्रू दोन झाले तर मात्र घट ६० − २४ = ३६ होते. हेवी ५ सेकंदांऐवजी जेमतेम ८ सेकंद टिकतो. भोक मोठे झाले की तोच नळ अपुरा पडतो. शिवाय चतुर शत्रू आधी मेडिकलाच गाठतो, कारण त्याचे १५० गुण ५ सेकंदांत संपतात. तेव्हा मेडिकला जपणे हे बंदूकवाल्यांचे काम. आणि सगळेच मेडिक झाले, तर शत्रूला हटवणार कोण?

आता एक गणित तुमच्यासाठी. शत्रूचा मारा दर सेकंदाला नेमका २४ गुणांचा असेल, तर हेवी किती वेळ टिकेल? भाजकाच्या जागी काय येते ते पाहा, म्हणजे पाठीशी उभ्या गड्याचे मोल कळेल.